उतार

कोल्हापुरात आम्ही पोरी 'येतो', 'जातो' म्हणतो.
क्रियापद मुलाचं मिळालं,
बाकीचं मी आठ वर्षांपूर्वीच देऊन आलो
हक्कसोडपत्रावर सही करून,
उत्तमदादाच्या नावे,
साडीचोळी आणि पावशेर पेढ्यांचा पुडा घेऊन.
त्यामुळं परवा बाबांचा फोन आला,
"वकिलाकडं जायाचं हाय, ये,"
तेव्हा मी पेन घेऊनच निघालो.

बावड्याला, कोर्टापाशी, मगदूम वकीलबाईंचं ऑफिस.
बाबा खुर्चीच्या कडेवर बसले,
नखांत सागवानाचा भुसा.
बाई वाचू लागल्या:
'मी, ज्ञानू बाळा सुतार, वय अठ्ठ्याहत्तर,
धंदा पॅटर्नमेकर, राहणार मंगळवार पेठ,
शुद्धीवर असून, कुणाच्याही दबावाखाली नसून...'
"दबाव हाय की," बाबा म्हणाले. "अमरूचा."

अमरू माझा धाकटा भाऊ. एक्केचाळीस वर्षांचा.
त्याला पैसे मोजता येत नाहीत.
रोज दिवेलागणीला तो दारातल्या चपला मोजतो.
एक जोड कमी भरला तर
ताटावर बसत नाही.

"सुताराची पोर तू. सांग बाईस्नी, उतार म्हंजे काय?"
मी सांगितलं. उद्यमनगरच्या शेडमध्ये
शाळा सुटल्यावर शिकलेलं:
लाकडी नमुना वाळूत दाबतात,
मग वर ओढतात, त्या पोकळीत लोखंड ओततात.
कडा अगदी सरळ ठेवल्या
तर ओढताना वाळू ढासळते.
म्हणून प्रत्येक कडेला उतार द्यायचा,
डोळ्याला दिसू नये एवढाच.
"लाकडानं निघून जायाचंच असतंय," बाबा म्हणाले,
"साचा मोडाय नगं."

बाईंनी कागद उलटला.
शेडचं भाडं, बँकेतली ठेव, सगळं ट्रस्टमध्ये.
लाभार्थी अमृत. विश्वस्त कोण?

पंखा तेवढा बोलत राहिला.
दादा वाईट नाही. वहिनी तर चांगलीच आहे.
त्याच्यावर दोन मशीनचं कर्ज आहे
आणि हप्ता माणसाला विचारून येत नाही.
"हिचं नाव लिवा."
"आणि हिच्यासाठी काय ठेवायचं?"
"हिच्यासाठी न्हाई. हिच्यावर ठेवतोय."

मला राग आला.
खोटं कशाला सांगू, चांगलाच आला.
एकदा सोडायला बोलावलं, आता धरायला,
आणि दोन्ही वेळा पेन माझंच.

बाबांचं चालूच होतं:
"गंगावेशीत रोज एक ग्लास दूध. धारेचं. फेसासकट."
"काका, महिन्याची रक्कम लिहू या ना."
"रक्कम आकसती, बाई.
लोखंड थंड हुताना फुटाला एक सूत आकसतंय,
आमी नमुना तेवढा मोठा करतो.
पैसा किती आकसतोय ते मला ठावं न्हाई.
ग्लास लिवा."
बाईंनी ग्लास लिहिला.

मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
इस्माईलभाई मुजावर, भट्टीवर चाळीस वर्षं उभे राहिलेले,
साक्षीदार म्हणून आलेले,
चहात बिस्किट बुडवून विसरून गेले.

"आणि एक.
माझ्या चपला दारातनं हलवायच्या न्हाईत.
झिजल्या तर त्याच मापाच्या नव्या आणायच्या. नऊ नंबर.
चप्पल लाईनीत शिंगे म्हणून हाय, त्याला माप ठावं हाय."

"काका, ही मिळकत नाही,"
बाई हळू म्हणाल्या.
"त्याच्या लेखी हीच हाय."

कलम अकरा झालं ते.
इस्माईलभाईंनी सही केली, शेजारच्या डॉक्टरांनी केली.
बाबांनी प्रत्येक पानावर केली,
मोजपट्टी धरल्यासारखी, सावकाश.
बाई माझ्याकडं वळल्या:
"तुम्हाला मान्य आहे का? नसेल तर आत्ताच सांगा."

जिन्याखाली अमरू वाट बघत होता.
आमच्या चपला त्यानं ओळीत लावल्या असणार,
बाबांच्या, माझ्या, इस्माईलभाईंच्या,
अनोळखी डॉक्टरांच्याही.

"सांभाळतो," म्हटलं मी.